आई कावळा, बाबा कावळा, मग मी कोकीळ कसा?

"काका, कोकिळेची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात ना? मग त्यांना सांगतं कोण, की तुम्ही कावळे नाही म्हणून?"

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यात चौथीतल्या एका मुलीनं मला असं गाठलं. लिफ्ट बंद, हातात भाजीची पिशवी आणि वर हा प्रश्न! ऐकायला किती सोपा. पण याच प्रश्नापायी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी पिल्लांची पिसं रंगवली, अंड्यांना गाणं शिकवणाऱ्या आया शोधून काढल्या, पिल्लांच्या अंगावर इवलेसे ट्रान्समीटर बसवून ती रात्री कुठे जातात याचा माग काढला. ती सगळी गंमत आज सांगतो.

आधी घरट्यात डोकावू. डोकावू म्हणजे लांबून हं! एप्रिल-मे आला की आपल्याकडे कावळ्यांची बांधकामं सुरू होतात. ठाण्याच्या तलावपाळीजवळ, कल्याणच्या काळ्या तलावाकाठी, डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात कुठल्याही मोठ्या झाडाकडे मान वर करून बघा. काटक्यांचं एक ओबडधोबड टोपलं दिसेल. आमच्या भागात इमारती सतत पडतात आणि सतत उभ्या राहतात, त्यामुळे कावळ्यांना तारांचे तुकडे हवे तितके मिळतात. काटक्या आणि तारा, दोन्ही वापरून घरटं पक्कं होतं. त्यात कावळीण साधारण चार-पाच अंडी घालते. निळसर हिरवी, त्यावर तपकिरी ठिपके.

कोकीळ-कोकिळा याच मुहूर्तावर टपून असतात. कावळ्यांचा आणि त्यांचा विणीचा हंगाम एकच. नर काळाकुळकुळीत, डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट. पहाटेपासून 'कुऊ, कुऊ' करून झोपमोड करतो तो हाच. कवींनी आणि सिनेमावाल्यांनी गाण्याचं सगळं श्रेय कोकिळाबाईंना देऊन टाकलंय, पण गातो नर. बाई नुसत्या 'किक-किक-किक' करतात. मादी दिसायलाही अगदी वेगळी. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि पट्टे. पानांच्या सावलीत बसली तर शोधून सापडत नाही.

नर समोर आला की कावळे चिडून त्याच्यामागे लागतात. त्या धावपळीत मादी गुपचूप घरट्यात शिरते, अंडं घालते आणि पसार होते. कधीकधी कावळ्याचं एखादं अंडं काढूनही टाकते. तिचं अंडं थोडं लहान, पण रंग आणि ठिपके कावळ्याच्या अंड्यासारखेच. एवढा हुशार पक्षी, आणि इथे फसतो.

माणसाला ही लबाडी फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकात दुष्यंत राजा सगळ्यांसमोर शकुंतलेला याच कोकिळेवरून टोमणा मारतो. (शकुंतला स्वतःही जन्मदात्या आईकडे वाढलेली नव्हती. तिला कण्वऋषींनी सांभाळलं. टोमणा किती झोंबला असेल, बघा.)

आता घरट्यात काय होतं? कोकिळेचं अंडं बारा ते चौदा दिवसांत फुटतं, कावळ्याच्या पिल्लांच्या साधारण तीन दिवस आधी. म्हणजे हा पाहुणा घरातला थोरला होतो! युरोपातल्या कुक्कू पक्ष्याचं पिल्लू तर जन्मल्यावर थोड्याच वेळात, डोळेही उघडलेले नसताना, बाकीची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. आपल्या कोकिळेचं पिल्लू तसं करत नाही. कावळ्याचं घरटं खोल आणि अंडी मोठी. ढकलाढकली करताना स्वतःच बाहेर पडायची भीती. सुरुवातीला ते ओरडतंही कावळ्याच्या पिल्लासारखं. पाठ काळपट, चोच काळी. मोठेपणी ठिपकेदार होणारी मादीसुद्धा लहानपणी अशी गडदच दिसते. कावळीण चोच भरभरून खाऊ आणते. किडे, मासळीचे तुकडे, कुणी टाकलेला वडापाव, जे मिळेल ते. तीन-चार आठवड्यांत पिल्लू घरट्याबाहेर पडतं, तरी कावळे त्याला भरवतच असतात.

जन्मल्यापासून त्यानं पाहिलं काय? कावळे. ऐकलं काय? काव काव. खाल्लं काय? कावळ्यानं आणलेलं. मग पुढच्या वसंतात ते 'काव' न म्हणता 'कुऊ' कसं म्हणतं?

हा प्रश्न किती अवघड आहे ते कळायला एका ऑस्ट्रियन माणसाला भेटलं पाहिजे. कोनराड लोरेन्झ त्याचं नाव. त्यानं 1935 साली पक्ष्यांच्या वागण्यावर मोठा लेख लिहिला, त्यात हंसबदकांची पिल्लंही होती. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर पिल्लाला जे हलताना दिसतं, त्याला ते आई मानून मोकळं होतं. लोरेन्झ दिसला तर लोरेन्झ आई! मग तो चालला की पिल्लं त्याच्यामागे, तो तळ्यात उतरला की पिल्लं तळ्यात. दाढीवाली आई त्यांना मुळीच खटकली नाही. अशा कामांसाठी त्याला 1973 मध्ये दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच्याकडे जॅकडॉ जातीचे पक्षीही होते. जॅकडॉ म्हणजे आपल्या कावळ्याचा युरोपातला धाकटा भाऊबंद. माणसानं वाढवलेला असा एक नर लोरेन्झच्या प्रेमातच पडला. जॅकडॉ आपल्या जोडीदाराला लाडानं घास भरवतो, तसा हा लोरेन्झला अळ्या भरवायला यायचा. लोरेन्झनं तोंड मिटून घेतलं तर? पठ्ठ्या त्या लिबलिबीत अळ्या त्याच्या कानात कोंबायचा!

हसू आलं ना? पण यात एक मोठी गोष्ट दडली आहे. कावळ्याच्या कुळातला हा पक्षी, ज्यानं वाढवलं त्यालाच आपलं माणूस समजून बसला. कोकिळेचं पिल्लू असं वागलं असतं तर मोठेपणी कावळिणीसमोर गात बसलं असतं. पुढच्या वर्षी एकही कोकीळ जन्माला आला नसता. तेव्हा कोकिळेकडे वेगळी काहीतरी युक्ती असणारच.

ती शोधायला आपण आता खूप लांब जाऊ. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर समुद्रासारखी अफाट सरोवरं आहेत. त्या भागात ओजिब्वे नावाचे लोक राहतात.   त्यांच्या प्रत्येक कुळाला एक प्राणी असतो: कुणाचा क्रौंच, कुणाचा लून नावाचा पाणपक्षी, कुणाचं अस्वल, कुणाचा मासा. ते कूळ वडिलांकडून मुलांकडे येतं. अनोळखी ओजिब्वे माणसं भेटली की कूळ कोणतं हे सांगतात आणि मग आपलं नातं काय ते ठरतं. परकं वाटून घेऊ नका. आपल्याकडे लग्नाच्या आधी देवक बसवतात, ते पाहिलंय? कुणाचं देवक कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं पंचपल्लव म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. आणि आमच्या डोंबिवलीत तर जन्म इथला, शाळा इथली, तरी "गाव कुठलं?" म्हटलं की पोरं पटकन सांगतात, रत्नागिरी, सातारा, जळगाव! कुणीतरी घरात सांगितलेलं असतं म्हणून सांगता येतं.

त्याच सरोवरांच्या प्रदेशात काउबर्ड नावाचा पक्षी आहे. त्याला घरात सांगणारं कुणीच नसतं. हा आमच्या कोकिळेच्या वरताण! दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांच्या घरट्यांत त्याची अंडी सापडली आहेत. म्हणजे एक काउबर्ड पिवळ्या आईकडे वाढतो, दुसरा करड्या आईकडे, तिसरा भलतीकडेच. आणि तरी मोठे झाले की सगळे काउबर्ड एकाच थव्यात!

शास्त्रज्ञांनी त्यांची दोन गुपितं उघडी पाडली.

पहिल्या गुपिताचं नाव ऐकून तुम्ही नाकं मुरडाल: 'काखेचा परिणाम'. खरंच! काखेचा वास कसा, आपला आपल्याला कळतो. तसं स्वतःच्या अंगावरून आपली जात ओळखायची, असा त्याचा अर्थ. सन 2000 मध्ये मार्क हॉबर आणि त्याच्या सोबत्यांनी काउबर्डची पिल्लं इतर काउबर्डांपासून दूर, हातानं वाढवली. काहींची पिसं त्यांनी रंगवून टाकली. पुढे या पिल्लांसमोर दोन प्रकारचे पक्षी आणले, नेहमीच्या रंगाचे आणि रंगवलेले. रंगवलेली पिल्लं रंगवलेल्या पक्ष्यांकडे जास्त लवकर गेली! म्हणजे पिल्लू स्वतःच्या पिसांकडे बघून ठरवत होतं की माझ्यासारखे ते माझे.

गदिमांचं बदकांचं आणि राजहंसाचं गाणं तुम्ही ऐकलंच असेल. हान्स अँडरसननं 1843 साली लिहिलेल्या गोष्टीवरून ते सुचलेलं आहे. कुरूप पिल्लू पाण्यात स्वतःचं रूप बघतं आणि चकित होतं. मला नेहमी वाटायचं, हे फक्त गोष्टीतच. पण काउबर्ड नेमकं तेच करतो की! फक्त त्याला तळं लागत नाही, मान वळवली की झालं.

दुसरं गुपित आवाजाचं. काउबर्डची मादी एक खडखडाटासारखा आवाज काढते. हॉबरच्याच गटानं तो आवाज घरट्यातल्या जेमतेम सहा दिवसांच्या पिल्लांना ऐकवला. पिल्लं चोची वासून जास्त जोरात खाऊ मागू लागली. बाकीच्या पक्ष्यांच्या आवाजाला त्यांनी तेवढी दाद दिली नाही. तो आवाज त्यांना कुणी शिकवला नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 'पासवर्ड'. हा पासवर्ड पिल्लू अंड्यातून येतानाच बरोबर घेऊन येतं. तो कुठे ऐकू आला की ते त्या पक्ष्याकडे लक्ष देऊ लागतं, आणि मग बाकीचं, म्हणजे गाणं, वागणं, थव्यातले रीतिरिवाज, त्याच्याकडून शिकतं. आहे ना खुबी? सगळं ज्ञान अंड्यात भरून पाठवायची गरजच नाही. कोणत्या गुरुजींकडे बसायचं, एवढं कळलं तरी पुरे.

आणखी एक मजा. 2015 साली मॅथ्यू लाउडर आणि त्याच्या सोबत्यांचा शोध छापून आला. इलिनॉय राज्यात त्यांनी उडायला शिकलेल्या काउबर्ड पिल्लांवर छोटे ट्रान्समीटर बसवले. शंका अशी होती, की खरी आई येऊन पिल्लाला घेऊन जात असेल. निघालं भलतंच! दिवसा ही पिल्लं पाळणाऱ्या आईजवळच असायची, पण संध्याकाळ झाली की रानातून एकटीच बाहेर पडून मोकळ्या गवताळ जागेत रात्र काढायची. आणि सकाळी? पुन्हा हजर, चोच वासून! जेवायला इकडे, झोपायला तिकडे. कुणाच्या फार आहारी जायचं नाही, ही त्यांची रीत असावी.

पाळणारे आईबाप मात्र नेहमीच भोळे नसतात. ऑस्ट्रेलियात फेअरी-रेन नावाचा चिमणीहूनही छोटा पक्षी असतो; नराचा रंग झळझळीत निळा. तिथेही एक कुक्कू त्यांच्या घरट्यात अंडी घालतो. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कळवलं, की ही आई अंडी उबवताना चक्क अंड्यांना एक सूर ऐकवत बसते. प्रत्येक आईचा सूर वेगळा. पिल्लं बाहेर आली की खाऊ मागताना तोच सूर लावतात. अंडी या घरट्यातून त्या घरट्यात बदलली, तर पिल्लं उबवणाऱ्या आईचा सूर शिकली, जन्म देणारीचा नाही! कुक्कूचं अंडं लवकर फुटतं, त्यामुळे त्याच्या पिल्लाला शिकवणीचे दिवस कमी पडतात. सूर चुकला की आईबापांना संशय येतो.

म्हणजे एका पक्ष्याचा पासवर्ड आतून येतो आणि दुसऱ्याचा बाहेरून, तोही अंड्याच्या कवचातून!

आता येऊ या परत आपल्या झाडावर. कोकिळेच्या पिल्लाजवळ स्वतःचं काय काय असतं?

पाय बघा. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. कोकिळेची दोन पुढे, दोन मागे. कुक्कूच्या अख्ख्या कुळाची ही खूण. आपला भारद्वाजही त्याच कुळातला, पण तो बिचारा स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, पिल्लं स्वतः वाढवतो. कावळीण चार आठवडे भरवो की चार महिने, पायाची बोटं काही बदलत नाहीत.

चव बघा. लहानपणी मासळी आणि वडापाव खाल्लेलं पिल्लू मोठेपणी मुख्यतः फळांवर येतं. वड, पिंपळ, उंबर पिकले की कोकीळ तिथे हमखास. पिवळ्या फुलांच्या बिट्टीचं फळसुद्धा तो खातो. बिट्टी माणसाला आणि जनावरांना विषारी. कोकिळेला ती पचते.

आवाज बघा. काउबर्डची रंगाची युक्ती कोकिळेला पुरी पडेल असं मला वाटत नाही. का? विचार करा. नर काळा, मादी ठिपकेदार. स्वतःच्या रंगाचा जोडीदार शोधायला निघाला तर काळ्या नराला कोण सापडेल? कावळा! म्हणून माझी पैज आवाजावर. आपल्याकडे एप्रिल ते जुलै कोकीळ इतका ओरडतो, की घरट्यातल्या पिल्लाच्या कानावर 'काव'बरोबर 'कुऊ'ही दिवसभर पडत असतं.

आणि कोकिळा पार निष्ठुर असते असंही नाही. कावळ्याच्या घरट्यातल्या पिल्लाला कोकिळा मादी येऊन घास भरवते, असं पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय. नर मात्र या कामाला फिरकल्याची नोंद नाही. गाण्यातून वेळ मिळाला तर ना!

कोकिळेच्या पाळणाऱ्या आयाही सगळीकडे सारख्या नसतात. आपल्याकडे कावळे. बांगलादेशात साळुंकी आणि खाटीक पक्ष्याच्या घरट्यातही कोकिळेची अंडी सापडतात. पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा आणि आफ्रिकेतून येणारा चातक, हेही कोकिळेचेच भाऊबंद. त्यांनी निवडले सातभाई. सातभाईंची अंडी निळी, तर यांचीही निळी! चातकाचं मला सगळ्यांत नवल वाटतं. जमिनीवर पानं उलटीपालटी करत, कलकलाट करत फिरणाऱ्या सातभाईंमध्ये हे पिल्लू वाढतं. सातभाई जन्मभर या झुडपातून त्या झुडपात. सोसायटीचं कुंपण ओलांडलं तरी खूप. आणि त्यांच्या घरात वाढलेलं हे पोर पावसाळा सरल्यावर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतं. वाट दाखवायला सातभाई थोडेच येणार?

आता तुमचं काम. जूनमध्ये, शाळा सुरू होतात त्या सुमाराला, झाडावर किंवा गच्चीच्या कठड्यावर कावळा कुणाला भरवतोय का ते बघा. भरवून घेणारं पिल्लू सडपातळ, लांब शेपटीचं, गडद अंगावर फिकट ठिपके असलेलं दिसलं तर तेच आपलं पाहुणं पिल्लू. तारीख लिहा, झाड लिहा. ते कोणत्या आवाजात खाऊ मागतंय ते नीट ऐका, मोबाईलवर रेकॉर्ड केलंत तर उत्तमच. चार-आठ दिवसांनी पुन्हा ऐका आणि आवाज बदलला का बघा. दिवेलागणीला ते कावळ्यांबरोबर बसतं की वेगळ्या फांदीवर, हे तर नक्की टिपा. काउबर्डचं ट्रान्समीटर लावून कळलं, तुम्हाला खिडकीतून कळेल.

घरट्याच्या झाडाखाली मात्र फार रेंगाळू नका. पिल्लं असली की कावळे डोक्यावर टोच मारतात, ठाणे असो की कल्याण. छत्री उघडून चाला, ऊन असलं तरी. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलून घरी नेऊ नका. कुत्र्या-मांजरांपासून जपून जवळच्या फांदीवर ठेवायला मोठ्या माणसाला सांगा, त्याचे कावळे आईबाप जवळपासच असतात. आणि हो, बिट्टीच्या बिया खेळायला कितीही छान वाटल्या तरी त्या किंवा ते फळ तोंडात घालू नका. कोकीळ खातो तर खाऊ दे, तुमचं पोट कोकिळेचं नाही.